नाईलवरचा धागा

दारव्ह्याच्या कापूस खरेदी केंद्रावर भाऊ ग्रेडर होते, मी वजनकाट्यावर. गाडीतला चिमूटभर कापूस दोन्ही अंगठ्यांत धरून ते हळूच ओढायचे, धाग्याची लांबी बघायचे आणि मान वर न करता ग्रेड सांगायचे. बोंडअळीनं कापूस नासवला त्या वर्षांत समोरच्या शेतकऱ्याच्या तोंडाकडे बघून हलकी ग्रेड सांगणं त्यांना जमत नसे.

निवृत्त झाल्यावर ते वहिनींना घेऊन इजिप्तला गेले. तिथला लांब धाग्याचा कापूस बघायचा होता त्यांना. वहिनींना नाईलमध्ये नावेत बसायचं होतं.

परतल्यावर चहाच्या टपरीवर भेटले. मी विचारलं, "भाऊ, पाह्यला काय कापूस?"

"राहूनच गेला," ते हसले. "नावेत ही माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपलती. शर्टावर धागा दिसला. सवयीनं दोन अंगठ्यांत धरला, त हिचा केस! एकदम पांढरा. इतकी वर्षं सोबत, अन् मले दिसलाच नाही. मंग दिवस बुडेपर्यंत तसाच बसून राह्यलो."

खिशातल्या डायरीतून त्यांनी तो केस काढला आणि अंगठ्यांत अलगद धरला. ओढला मात्र नाही.

"सांगा मग ग्रेड," मी म्हटलं.

त्यांनी मान वर केली, सरळ माझ्या तोंडाकडे बघितलं आणि केस पुन्हा डायरीत ठेवला.