नवरदेवाची माय आणि लाल कापड

परतवाड्याच्या बाजारात फुलांच्या ओळीत लाल कापड टांगलेलं एकच दुकान आहे. बाकीच्यांकडे निळी ताडपत्री, नाहीतर हिरवी जाळी. ते लाल कापड माझ्या थोरल्या जाऊबाईंचं, सत्यवतीबाईंचं. त्या कापडातून ऊन गाळून खाली येतं आणि कालचा झेंडूसुद्धा आत्ता तोडल्यासारखा दिसतो. शेजारच्या बायका त्यावरून टोमणे मारतात. जाऊबाई हात न थांबवता म्हणतात, "मी काय खोटं बोलली? फूल तेच हाय, उजेड माहा हाय."

मी लीला, त्यांची धाकटी जाऊ. आमच्या दोन घरांत भिंत एकच, त्यामुळे भांडणंही एकाच भिंतीवरून होतात. तरीही हे लिहायला बसले आहे, कारण यंदाच्या वैशाखात अकोल्याला जे झालं ते सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. कोणी म्हणेल, एका बाईनं तोंडाला रंग लावला, त्यात सांगण्यासारखं काय? अशांनी हे पान उलटावं आणि खुशाल झोपावं.

जाऊबाईंचं लग्न झालं तेव्हा त्या विशीच्याही नव्हत्या. मूल मात्र होईना. दवाखाने झाले, नवस झाले, लोकांचं बोलणंही खाऊन झालं. चाळिशीला टेकल्या तेव्हा कुठे कुंदन झाला. तोवर केस पिकायला लागले होते, मळ्यात आणि बाजारात राहून चेहरा रापला होता. गाल तर आधीपासूनच आत गेलेले. झालं! पोरगं कडेवर घेतलं की लोक विचारायचे, "नातू काय?" एसटीचा कंडक्टर, दवाखान्यातली नर्स, बांगड्यावाला, कोणी म्हणून सोडलं नाही. शाळेच्या पहिल्या दिवशी बाईंनी सांगितलं, "आजी, उद्या याच्या आईला पाठवा." जाऊबाई "बरं" म्हणाल्या आणि दुसऱ्या दिवशी नवी साडी नेसून पुन्हा स्वतःच गेल्या.

घरी येऊन हे सगळं त्या हसत हसत सांगायच्या. आम्हीही हसायचो. पण हसून झालं की त्या मोगऱ्याचा ढीग जवळ ओढायच्या, गजरे करायला लागायच्या आणि ढीग संपेपर्यंत मान वर करायच्या नाहीत.

कुंदनचं लग्न ठरलं ते अकोल्याच्या खुशीशी. पोरगी गोड, घर चांगलं, आम्ही सगळे खूश. साखरपुड्याला अकोल्याला गेलो. आम्ही दोघी जावा शेजारी शेजारी खुर्च्यांवर बसलो होतो. मुलीकडची एक बाई विहिणीची ओटी भरायचं ताट घेऊन आली, तिनं आम्हा दोघींकडे पाहिलं आणि नारळ सरळ माझ्या पदरात टाकला. वर जाऊबाईंना म्हणाली, "आजीबाई, तुमी जरा बाजूले सरका. फोटोत नवरदेवाच्या मायले येऊ द्या."

मी ताडकन उठले. "अवो, हे काय करून राहिल्या? माय थे हाय! मी काकू हाय त्याची!"

मग काय, माफ्या झाल्या, नारळ इकडून तिकडे गेला, विहीणबाईंचा चेहरा पडला. पण तोवर सगळं सभागृह हसलं होतं. सगळ्यांत मोठ्यानं जाऊबाई हसल्या. मला मात्र इतका संताप आला होता की जेवणातली जिलबी मी तशीच ठेवली, आणि मला ओळखणाऱ्यांना त्याचा अर्थ कळेल.

परतताना गाडीत मी त्यांच्या शेजारी बसले होते. अकोट मागे पडलं तेव्हा जाऊबाई खिडकीबाहेर पाहत म्हणाल्या, "लीले, तुही करिश्मा अमरावतीले थे तोंड रंगवाचंच शिकून राहिली नं?"

करिश्मा माझी मुलगी. अमरावतीला ब्युटी पार्लरचा कोर्स करते. मी म्हटलं, "हो. काहून?"

"मले तरनं नाही दिसाचं," त्या म्हणाल्या. "एवढ्या वर्साची झाली, तरनं दिसून मले काय करा लागते? मले फक्त त्या एका दिवशी त्याची माय दिसाचं हाय. पाहनाऱ्यानं न इचारता वळखलं पाह्यजे."

पुढच्या सीटवर बसलेले भासरे, म्हणजे जाऊबाईंचे यजमान पंजाबराव, मान न वळवता म्हणाले, "या वयात नटतं काय वं?" उत्तर मी दिलं, आणि ते इथे लिहिण्यासारखं नाही.

रविवारी करिश्मा डबे, ब्रश घेऊन परतवाड्याला आली. लग्नसराईत जाऊबाई दुकान सोडायला तयार नव्हत्या, म्हणून तालीम दुकानातच, फुलांच्या टोपल्यांच्या मागे. करिश्मानं समजावून सांगितलं, "मोठी आई, याले कॉन्टुरिंग म्हनतेत. जिथं गडद रंग लावला तिथं सावली पडल्यासारखी वाटते, थो भाग आत जाते. जिथं उजळ लावला थो वर येते. सावलीचाच खेळ हाय सगळा." मोबाइलवर एक विशीची पोरगी गालांवर तपकिरी रेघा ओढत होती. करिश्मानं तशाच रेघा ओढल्या, घासल्या, वरून पावडर मारली.

आणि काय सांगू! आम्ही पाहतच राहिलो. गालांवर तजेला, हनुवटी रेखीव, डोळ्यांखालचा काळेपणा गायब. पंजाबराव केळीच्या पानांचा भारा घेऊन आले आणि भारा डोक्यावरच ठेवून उभे राहिले. "अवो, हे तं लग्नातली सत्यवती हाय!" जाऊबाई लाजल्या. खरंच लाजल्या, आणि मी त्यांना लाजताना त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

त्याच आनंदात त्या सगळ्यांसाठी चहा सांगायला समोरच्या टपरीवर गेल्या. भर दुपार. टपरीवाल्यानं किटली खाली ठेवली आणि काळजीनं म्हणाला, "आजी, गालाले कोळसा लागला वाट्टे. पुसून घ्या."

जाऊबाई परत आल्या. न बोलता आरसा उचलला आणि बाहेर उन्हात जाऊन पाहिलं. मीही मागून डोकावले. आधीच आत गेलेल्या गालांवर काळी सावली ओतलेली, त्यामुळे दोन खड्डे पडले होते. पावडर सुरकुत्यांत जाऊन बसली होती. साखरपुड्यातली आजी बरी म्हणावी, इतकी ही थकलेली दिसत होती. मग जाऊबाईंनी हळूच मान वर केली आणि लाल कापडाकडे पाहिलं.

"अरे देवा," त्या म्हणाल्या. "जलमभर या कापडाखाली दुनियेले फुलं इकली, अन् आज मीच गिऱ्हाईक झाली!"

आणि हसायला लागल्या. पण करिश्मा मात्र टोपल्यांच्या मागे बसून रडायला लागली. जाऊबाईंनी तिला पोटाशी धरलं, स्वतःचं तोंड तिच्या ओढणीला पुसलं आणि म्हणाल्या, "रडतं काहून? चल, उद्या मी येतो तुह्या संगं अमरावतीले. तुह्या मॅडमले इचारू."

मॅडमनी जाऊबाईंना खिडकीजवळ उजेडात बसवलं आणि करिश्माला चूक दाखवली. भरलेल्या गालांच्या पोरींचे व्हिडिओ या चेहऱ्याला चालत नाहीत. आत गेलेल्या गालांना सावली नको, उजळपणा हवा. सावली थोडीशीच, गालाच्या हाडावर कानाकडे चढती, आणि जबड्याच्या कडेला जिथे कातडी लोंबते तिथे. पावडर जवळजवळ नाहीच, क्रीमच, तेही बोटानं, अगदी पातळ. जाऊबाई सगळं कान देऊन ऐकत होत्या. येताना बसमध्ये त्या आपल्याच गालावर बोटं फिरवत होत्या आणि शेजारची बाई त्यांच्याकडे संशयानं पाहत होती.

करिश्मानं लग्नापर्यंत सुट्टी काढली आणि त्या दिवसापासून, बाजार ओसरला की, आमच्या गच्चीवर रोज दुपारी शाळा भरायला लागली. कापडाखाली नाही, सावलीत नाही, थेट उन्हात. "उन्हात टिकलं थेच खरं," असा जाऊबाईंचा हुकूम. घाम यायचा, रंग ओघळायचा, पुन्हा पुसा, पुन्हा लावा. करिश्मा बर्फाचे तुकडे फडक्यात बांधून आधी गालावर फिरवायला शिकली. मी सुपानं वारा घालायचे. गल्लीत कुजबुज सुरू झाली, की सून येऊन राहिली अन् सासूच नटून राहिली. एकीनं मला तोंडावर विचारलं, तर मी म्हटलं, "तुमीबी या गच्चीवर. तुमाले तर दोन डबे लागतीन." त्यानंतर कोणी विचारलं नाही.

हळूहळू चेहरा जमायला लागला. पंचविशीचा नाही, पन्नाशीचा. नीट झोप झालेल्या, घरात सगळं ठीक असलेल्या बाईचा. सत्यवतीबाईच होत्या त्या, फक्त कोणीतरी त्यांच्या तोंडावरून पंधरा उन्हाळे उचलून बाजूला ठेवले होते. मला इतका आनंद झाला की मी सूप टाकून टाळ्या पिटल्या.

लग्नाचा दिवस उजाडला. वैशाखातलं अकोला, सकाळी नऊलाच रस्ता तापलेला. जानोसा म्हणून, म्हणजे आमच्या वऱ्हाडाला उतरायला, दिलेल्या खोलीत करिश्मानं दार लावून घेतलं. बर्फ, क्रीम, बोटं, पुन्हा बर्फ. जाऊबाई आंबा रंगाची साडी नेसून बाहेर आल्या तेव्हा पंजाबरावांच्या हातातला फेटा सुटला आणि त्यांना तो पुन्हा बांधावा लागला.

वरात निघण्याआधी जाऊबाई म्हणाल्या, "मांडवाचं दार पाहून येऊ." गेलो. दारावर मुलीकडच्यांनी मोठ्या हौसेनं शामियाना बांधला होता. हिरवागार. त्याखाली उभा असलेला धडधाकट पहारेकरीसुद्धा आजारी दिसत होता.

जाऊबाई थबकल्या. "हिरवा! याच्याखाली भेंडी इकावं बाप्पा, मानूस नाही."

बरोब्बर याच दारात मुलीकडच्या बायका विहिणीचे पाय धुणार, कुंकू लावणार. एवढा सगळा खटाटोप या हिरव्या कापडाखाली मातीत जाणार! पण जाऊबाईंनी शांतपणे हातातली पिशवी उघडली. आत त्यांच्या दुकानाचं लाल कापड होतं. धुतलेलं, इस्त्री केलेलं.

"तुमी हे संगं आनलं?" मी किंचाळले.

"मंग? बाजारात जाताना तराजू इसरते काय कोनी?"

कुंदनच्या मित्रांनी खुर्च्यांवर चढून दारावरचं हिरवं सोडवलं आणि लाल कापड बांधायला सुरुवात केली, इतक्यात मुलीचे मामा धावत आले. "हे काय करून राहिले तुमी?" मी डोळ्याची पापणीही न लववता म्हटलं, "आमच्या इकडची रीत हाय. नवरदेवाच्या घरचं कापड दारावर लागल्याबिगर वरात आत जात नाही." मामांनी लगेच हात जोडले आणि स्वतः शिडी आणून दिली. आता अकोल्यात कोणी ही रीत पाळायला लागलं तर त्याचं पाप माझ्या माथी.

वरात दारात आली. बँड, धूळ, घोड्यावर कुंदन, पोरं नाचून घामाघूम. लाल कापडाखाली सगळ्यांचेच चेहरे उजळले होते. मी हळूच मागे सरकायला लागले. मी शेजारी नसले म्हणजे कोणाची चूक होणार नाही, एवढाच विचार. जाऊबाईंनी मनगट धरलं.

"कुठं चालली? माह्या बाजूलेच उभी राह्य, साखरपुड्याले बसली होती तशी. तू दूर गेली तं मले खरं काय समजन?"

म्हणून राहिले. नवी साडी, गजरा, सगळं लेवून, त्यांना खेटून. समोरून ताट घेऊन आली ती खुशीची बार्शीटाकळीची आत्या, आशाबाई. साखरपुड्याला ती नव्हती, आमच्यापैकी कोणालाच ओळखत नव्हती. तिची नजर आधी माझ्यावर आली. मग जाऊबाईंवर गेली. पुन्हा माझ्यावर. देवा शपथ, मी डोळे मिटून घेतले.

"तुमीच नं नवरदेवाच्या माय?"

डोळे उघडले. आशाबाई जाऊबाईंसमोर उभी होती. मी पदर तोंडात कोंबून हसू दाबलं. पण जाऊबाई? जाऊबाई नुसत्या उभ्या.

"काय म्हनलं, बाई?" त्यांनी विचारलं.

"म्हनलं, नवरदेवाच्या माय तुमीच नं?"

"आं?"

बाई कानानं कमी आहे असं समजून आशाबाईनं बँडवाल्यांना हातानं थांबवलं. मग तिनं छाती भरून घेतली आणि अख्ख्या मांडवाला ऐकू जाईल अशी ओरडली, "नवरदेवाच्या माय तुमीच नं?"

घोड्यावरून कुंदननं वळून पाहिलं. पंजाबराव फेट्याच्या टोकानं डोळे पुसत होते. मी जाऊबाईंच्या कानाशी लागले, "काहून वो? आयकू नाही येऊन राहिलं काय?"

त्यांनी ओठ न हलवता मला चिमटा काढला. "आलं वं. पह्यल्याच खेपेले आलं. आनखी एकदा म्हनू दे तिले."