सासूबाईंचं डोकं आणि माझं

सासूबाईंच्या डोक्यात रक्तस्राव झाला होता आणि मी, चांगला शिकलेला डॉक्टर, त्यांना "ऊन लागलंय, पडून राहा" असं जेवता जेवता सांगितलं. हातातला घासही खाली ठेवला नाही.

माझ्या बाजूनं एवढंच, की तेंदूपत्त्याचा, म्हणजे विडीच्या पानांचा, हंगाम होता. त्या दिवसांत गोंडपिपरीच्या माझ्या दवाखान्यात पानं तोडून आलेली अर्धी गर्दी डोकं धरूनच बसते. "किती दुखते?" विचारलं की सगळे "लय" म्हणतात, आणि मी सगळ्यांना एकच चिठ्ठी लिहितो. सासूबाई आमच्याकडेच राहतात. कितीही नको म्हटलं तरी हंगामात जंगलात जातातच. त्या दिवशीही पानं तोडून आल्या, एकदा ओकल्या. माझी चिठ्ठी तयार होती.

बायको आत जाऊन आली. "आई दिवसा आडवी झालेली कधी पाह्यली काय तुमी? खिडकी लाव म्हणते, उजेड सोसत नाई. उठता, का दुसरा डॉक्टर बोलावू?"

उठलो. सासूबाईंना हनुवटी छातीला लावायला सांगितलं. मान लाकडासारखी ताठ. मग आधीच विचारायला हवा होता तो प्रश्न विचारला. दुखणं सुरू कसं झालं?

"पानाचा पुडा बांधून राह्यली होती. मागून कोणी कुराडीचा दांडा हाणल्यावानी झालं. वळून पाह्यलं तं कोणीच नाई."

उन्हाचं दुखणं हळूहळू चढतं. हे आलं तेच एकदम पूर्ण जोरानं आलं होतं.

मेंदूतल्या धमनीवरचा फुगा फुटला असणार, आणि तो पुन्हा फुटू शकतो, हे गाडीत मला एकट्यालाच माहीत होतं. मागे बायकोच्या मांडीवर आईचं डोकं. चंद्रपूरपर्यंत मी गाडी अशी चालवली, की जणू दुधाचं काठोकाठ भरलेलं भांडं घेऊन निघालोय.

स्कॅन करणारा डॉक्टर माझा वर्गमित्र. मेंदूच्या तळाशी पाण्याच्या जागा काळ्या दिसायला हव्यात. तिथे चांदणीसारखं पांढरं पसरलं होतं. ताजं रक्त.

"केव्हापासून?" त्यानं विचारलं.

"सकाळपासून."

"मंग दुपारपर्यंत काय करून राह्यला होता तू?"

"जेवत होतो."

 त्यानं शिरेतून औषध सोडून पुन्हा स्कॅन केला, तेव्हा धमनीच्या फाट्यावर चारोळीएवढा फुगा सापडला. नागपूरला मांडीतून बारीक नळी घालून तो आतून बुजवला.

सासूबाई वाचल्या. आता मी 'कसं सुरू झालं' हे आधी विचारतो, 'किती' नंतर. पण त्याआधीच्या उन्हाळ्यांत माझी चिठ्ठी घेऊन जंगलात परत गेलेल्यांपैकी कुणी असं मागे वळून पाहिलेलं होतं का, हे मला कधीच कळणार नाही.

परवा शेजारची बाई डोकं धरून आमच्या ओसरीवर आली. मी हात पुसत बाहेर येईपर्यंत सासूबाईंनी तिला बसवून घेतलं होतं.

"आमचे जवाई सर्दी-खोकल्याले चांगले हायेत, बाई. डोकं दुखत असन तं माह्या पोरीले दाखव."