खालून फुटलेलं पान

जळगाव जामोदहून तार आली तेव्हा मी लोणारला स्वयंपाकघरात होते. सरूमावशी गेली. आता महिना होत आला. भेटायला येणारा जो तो म्हणतो, "सुटली बिचारी." मला त्या शब्दाचा संताप येतो. मावशीला सुटायचं नव्हतंच.

तिच्या अंगणात एक आंबा होता. तिच्या एकुलत्या एक शकूने, माझ्या मावसबहिणीने, लहानपणी आंबा खाऊन त्याची कोय तिथे पुरली होती. झाडाला पहिला मोहर यायच्या आत शकू तापाने गेली. पुढे रस्ता रुंद करायचं ठरलं आणि आंबा नेमका त्यात आला. शेजारी म्हणाले, त्याचीच कोय परसात लाव. मावशी म्हणाली, "कोयीतून दुसरं झाड निंगते. मले हेच पाह्यजे." शकू गेली तेव्हाही लोकांनी तिला दुसरं मूल होईल म्हणून समजावलं होतं.

एका माळ्याकडून ती भेटकलम शिकली. कुंडीतली रोपं फांदीजवळ बांधलेल्या मचाणावर चढवायची, रोपाची आणि आंब्याच्या फांदीची साल तासून दोन्ही घट्ट बांधायची, वरून माती लिंपायची. सांधा जुळला की मगच फांदी झाडापासून कापायची. तोवर झाड जगायला हवं. रस्त्याच्या कामावरचा मुकादम म्हणाला होता, दिवाळीनंतर तोडू. पोळा झाला आणि माणसं कुऱ्हाडी घेऊन दारात. मी तेव्हा तिच्याकडेच होते. मावशी बुंध्याला पाठ लावून बसली. "दिवाळीपर्यंत थांबा ना भाऊ... जुडू द्या त्यायले."

"मावशी, माह्या हातात काय आहे?" मुकादम म्हणाला. कलमं आधी कापून घेऊ दिली, एवढीच त्याची दया. मावशीने विळा घेऊन एकेक फांदी स्वतः कापली.

कलमं एकेक करून सुकली. एक तेवढं दिवाळीपर्यंत तगलं आणि त्याला तांबूस कोवळं पान आलं. शेजारणीने साखर वाटली. मला रडू फुटलं. मावशीने वाकून पाहिलं आणि म्हणाली, "खालून फुटलं." पान सांध्याच्या खाली होतं, कुंडीतल्या रोपाचं. वर बांधलेली आंब्याची फांदी वाळून काडी झाली होती. त्यानंतर तिचं जेवणावरचं मनच उडालं. तरी कुंडीला रोज पाणी घालायची. शेवटच्या भेटीत मी विचारलं, "मावशी, आता याला कशाला पाणी?"

"त्यानं तं धरून ठेवलं होतं ना तिले," ती म्हणाली.

कुंडी मी लोणारला आणली. ती मेलेली काडी काढली नाही तर रोपही कुजेल, असं आमचे हे म्हणतात, आणि ते खरंच आहे. परवा सकाळी चाकू घेऊन बसले, सांध्यावरची माती खरवडली. आत सुतळी असेल असं वाटलं होतं. शकूच्या फुलाफुलांच्या परकराची चिंधी होती, गाठीवर गाठ मारलेली.

मी माती भिजवली आणि पुन्हा लिंपून टाकली.