पाटीवर नसलेली ओळ

ताज्या उकरलेल्या मातीचा वास मला एरवी आवडतो. त्या मे महिन्यातल्या सकाळी मांजरी गावातल्या एका सोसायटीच्या गेटपाशी तो आला आणि मी धावतच आत शिरले. मागच्या मोकळ्या प्लॉटवर जेसीबी घरघरत होता. त्या मातीत माझे भुंगे निजले होते.

मी कीटकशास्त्रज्ञ आहे. तणांचे नैसर्गिक शत्रू वाढवून सोडणे हे माझे काम. मेक्सिकन भुंगा पांढुरका असतो, पाठीवर काळ्या नागमोडी रेघा. तो आणि त्याच्या अळ्या गाजर गवताचा पाला फस्त करतात. पावसाळ्यात तो पोसतो. कोरड्या महिन्यांत जमिनीत शिरून निपचित पडतो.

हे सारे हिराबाईंसाठी चालले होते. त्या सोसायटीच्या माळीणबाई. वर्षानुवर्षे हे गवत उपटून त्यांची मान आणि पापण्या चिरल्या होत्या, त्यांतून पाणी येई. हातमोज्यांनी भागत नव्हते. पराग हवेतूनही येतात. गवताला शिवूच नका, असे डॉक्टरांनी बजावले होते. पण ते उपटणे हीच त्यांची नोकरी. चेअरमननी मला एक वर्ष दिले. गेल्या पावसाळ्यात भुंग्यांनी अर्ध्या प्लॉटवरच्या गवताची चाळण केली होती.

"अहो, हे काय केलंत?" मी चेअरमनना विचारले.

"पावसाळ्यापूर्वीचं लेव्हलिंग," चेअरमन म्हणाले. "तुमचे किडे दिवाळीनंतर दिसलेच नाहीत, मॅडम. सुट्टीवर होते का?"

"जमिनीत होते."

त्यांनी कुंपणावरच्या पाटीकडे बोट केले. "'येथे औषध फवारू नये.' एक थेंब फवारला नाही आम्ही. खणू नये, असं कुठे लिहिलंय?"

लिहिले नव्हते. अक्षर माझेच होते.

वरचा थर डंपरमधून गेला होता. उरलेली माती मी तळहातावर चाळली. काही पंख मिळाले, चुरडलेले.

जुलैत खालचे जुने बी उगवून प्लॉट गच्च हिरवा झाला. मी नवे भुंगे सोडले. पण त्यांची संख्या वाढेपर्यंत गवत फुलणार होते, आणि चेअरमननी दिलेले वर्ष संपले होते. पाटी लागते ती कीटक दिसेनासा झाल्यावर, हे मला उशिरा कळले. आता माझ्या प्रत्येक पाटीवर दुसरी ओळ असते.

हिराबाई कडेला उभ्या होत्या. नाकावर पदर, पापण्या सुजलेल्या.

"आता हे कसं काढणार?" मी विचारले.

"हातानं."