परक्या हाताने ठेवलेला डबा

नोलीन ट्रेलोरच्या नवऱ्याला आजवर तीनदा मरण आलं आहे. एकदा तो जेटीवरून पडून बुडाला, एकदा त्याला शार्कने नेलं, आणि एकदा, बोलिंग क्लबच्या वार्षिक जेवणात, तिने त्याचा सरळ खूनच करवला. रॉस स्वतः मात्र पोर्ट पिरीला एका केस कापणाऱ्या बाईबरोबर सुखाने राहतो आणि दर नाताळला नोलीनला कार्ड पाठवतो. ते कार्ड ती फ्रिजवर लावते. कोणी विचारलंच तर म्हणते, "अक्षर त्याचं नाही."

आमच्या पेनरोज स्ट्रीटला नोलीनचा अभिमान आहे. एखाद्या गावाला आपल्या गळक्या टाकीचा असतो, तसा. झोपेची गोळी ती संध्याकाळीच, शेरी या गोड दारूच्या घोटाबरोबर घेते. दोन्हीतलं एक सोडा, असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा तिने डॉक्टर सोडला. बार्लीच्या शेतात काळा बिबट्या पाहिल्याची तक्रार तिने केली, तेव्हा आमचा पोलीस डॅरेन भर उन्हात अर्धा दिवस बार्ली तुडवत होता.

"नाही सापडला," तो परत येऊन म्हणाला.

"तुला सापडला नाही, यात बिबट्याचा काय दोष?"

त्यानंतर अॅडलेडहून तिची बहीण बेरिल आली आणि ठरलं, की असा आणखी एक प्रकार झाला तर नोलीनने घर विकून बेरिलकडे राहायला जायचं. बेरिलकडे संध्याकाळी सहाला जेवण असतं आणि शेरी नसते. नोलीन हो म्हणाली. बेरिलला स्टेशनच्या बसमध्ये बसवून घरी येताना तिने शेरीच्या दोन बाटल्या घेतल्या, ही गोष्ट वेगळी.

आता डब्यांचं सांगायला हवं. बुधवारी संध्याकाळी आम्ही कचऱ्याचे डबे रस्त्यावर ठेवतो. लाल झाकणाचा दर आठवड्याला, आणि त्याच्या शेजारी एका आठवड्याला बाटल्या-कागदांचा पिवळा, पुढच्याला पालापाचोळ्याचा हिरवा. कोणता कधी, याचं कॅलेंडर पालिका घरोघर वाटते आणि ते कोणी वाचत नाही, कारण आमच्याकडे क्लेम ट्रेझाइज आहे. क्लेम हा धान्याच्या जेटीवर जन्म काढलेला, नोलीनच्या शेजारी राहणारा म्हातारा विधुर. सूर्य कलला की तो डबे आणून ठेवतो: मुठी घराकडे, दोन डब्यांत हातभर अंतर. मग घरोघर पडदे हलतात आणि सगळी गल्ली क्लेमचं बघून आपापले डबे ओढत आणते. मीही त्यातलाच.

गेल्या फेब्रुवारीत, म्हणजे आमच्याकडच्या भर उन्हाळ्यात, काहिली होत असताना, क्लेमच्या दारात हिरवा दिसला. आम्ही हिरवे आणले. गुरुवारी सकाळी आली ती पिवळ्याची गाडी. पंगतीत मटण वाढणारा शाकाहाऱ्यांना ओलांडून जातो, तशी ती आमच्या हिरव्या रांगेपुढून निघून गेली.

गल्ली बाहेर आली. समोरची ग्लेनिस पॅस्को गल्लीच्या वतीने हसते, तशी हसली. "गेला बाई आपला क्लेम कामातून."

"हा डबा क्लेमने ठेवलेला नाही," नोलीन म्हणाली. अंगात गाऊन, हातात चहा.

"झालं सुरू."

"मूठ बघ. रस्त्याकडे आहे. क्लेम मरेल, पण मूठ रस्त्याकडे करणार नाही. हा परका हात आहे, ग्लेनिस. म्हाताऱ्याला कोणीतरी आत पाडलंय, आणि सगळं ठीक दिसावं म्हणून डबा बाहेर आणून ठेवलाय."

"खुनी आला, खून केला आणि जाताना कचरा काढून गेला?"

"हुशार असेल तर काढणारच."

"अगं, तो मुलीकडे गेलाय अॅडलेडला. या आठवड्यात जाणार, असं मला म्हणाला होता. जाण्याच्या घाईत चुकला असेल."

"क्लेम आणि घाई?" नोलीन म्हणाली आणि तिने डॅरेनला फोन लावला.

डॅरेनने दार वाजवलं, हाका मारल्या. कुलूप आतून की बाहेरून, ते कळायला मार्ग नव्हता. पडदे खाली होते, पण फेब्रुवारीत सगळ्यांचेच असतात. मुलीचा नंबर कोणाकडेच नव्हता.

"मिसेस ट्रेलोर, डब्याच्या मुठीवरून मला कोणाचं घर फोडता येत नाही. आणि हा तो 'आणखी एक प्रकार' आहे, कळतंय ना तुम्हाला? मला बेरिलबाईंना सांगावं लागेल."

"सांग. नंबर देऊ का?"

"घर जाईल तुमचं."

"माझं घर आहे, मी बघेन. तू याच्या घराचं बघ."

डॅरेन हलला नाही. मग नोलीन घरात गेली आणि बोलिंगचा चेंडू घेऊन आली. नारळाएवढा, दगडासारखा जड. नेम धड नाही म्हणून क्लबने तिला संघातून काढलं होतं. ती क्लेमच्या घरामागे गेली, आम्ही तिच्या मागे, आणि डॅरेन "मिसेस ट्रेलोर, नाही" म्हणतोय तोवर तिने चेंडू धुण्याच्या खोलीच्या खिडकीतून आत घातला.

काचा पडायच्या थांबल्या. मग आतून आवाज आला, अगदी बारीक. "गाडी थांबली नाही. आज पिवळा होता. कोणाचा डबा चुकला?"

क्लेम बुधवारी सकाळपासून फरशीवर पडून होता. खुबा मोडलेला. मशीनमधला ओला टॉवेल ओढून चोखत त्याने रात्र काढली होती. या उन्हात संध्याकाळ काही त्याने पाहिली नसती, असं रुग्णवाहिकेतली बाई म्हणाली.

रुग्णवाहिका गेल्यावर डॅरेनने टोपी काढून डोकं खाजवलं. म्हातारा सकाळीच पडला, तर संध्याकाळी डबा कोणी ठेवला? नोलीनचा चेहरा उजळला. "परका हात," ती म्हणाली.

ग्लेनिसच्या दारावर कॅमेरा आहे. आम्ही तिच्या स्वयंपाकघरात जमलो. पडद्यावर बुधवारची संध्याकाळ आली. क्लेमच्या बाजूच्या फाटकातून एक बाई आधी लाल, मग हिरवा डबा ओढत बाहेर आली. गाऊन, एका पायात गमबूट, दुसरा अनवाणी. तिने डबा ठेवला, मूठ रस्त्याकडे केली, त्याच्या झाकणावर प्रेमाने थापटलं आणि ती नोलीनच्या घरात गेली.



"पुन्हा लाव," नोलीन म्हणाली. पुन्हा लावलं. ती खुर्ची पुढे ओढून बघत होती.  मग तिने दोन्ही हात गाऊनच्या खिशात घातले.

"तूच ठेवलास," ग्लेनिस म्हणाली, "आणि तूच संशय घेतलास. तो परका हात तुझा होता, बये."

"हो. दिसतंय मला."

"आठवत नाही?"

"नाही."

"म्हणजे तुमचा पुरावा खोटा होता," डॅरेन म्हणाला.

"पुरावा खोटा होता. म्हातारा खरा होता." ती उठली. "ऊन उतरलं आणि त्याचा डबा बाहेर नव्हता. गोळी घेऊन, शेरी पिऊन, एक बूट घालूनसुद्धा मला ते दिसलं. तुम्ही सगळे शुद्धीत होतात. तुम्ही काय केलंत? पडदा सरकवलात आणि हिरवा आणलात."

ग्लेनिसने चित्र बंद केलं. 

"बेरिलला कळव, डॅरेन. आणि हेही कळव, की मी येत नाही."

"काय कळवू? खिडकी फुटली एवढंच," डॅरेन म्हणाला. "चेंडूने."

पुढच्या बुधवारी क्लेम दवाखान्यात, आणि त्याचं दार रिकामं. ऊन उतरलं. सगळ्या गल्लीचे पडदे हलू लागले, आणि सगळ्यांचे डोळे शेवटी एकाच घरावर येऊन थांबले. नोलीन सावकाश बाहेर आली. या वेळी दोन्ही पायांत बूट. तिने हिरवा ठेवला आणि मूठ मुद्दाम, आम्हा सगळ्यांच्या देखत, रस्त्याकडे केली.

ग्लेनिस फाटकापर्यंत आली. "नक्की हिरवा?"

"मला काय विचारतेस? माझ्यावर विश्वास ठेवणार आहेस?"

ग्लेनिसने रस्त्याकडची मूठ बघितली. मग आत गेली आणि हिरवा घेऊन आली. तिच्या मागोमाग आम्हीही.