डोझरला पाजलेली घागर

शेजारच्या प्लॉटवर बुंधे काढायचं मशीन आलंय; तापलेल्या ऑईलच्या वासानं बहात्तरच्या दुष्काळातलं आमचं पारनेरकडचं रान आठवलं. पाणाड्यानं विहिरीसाठी दाखवलेल्या जागेवरच बाभळीचा जुनाट बुंधा होता. तो उपटायला चेनचा डोझर एका दिवसासाठी आला आणि तापून बंद पडला. "पानी द्या, न्हाईतर मी चाललो," ड्रायव्हर म्हणाला. घरात बैलासाठी राखलेली एकच घागर होती. आई ओरडली, "बैल मरंल वो!" "पान्यासाठीच चाललंय ना समदं?" म्हणत वडिलांनी ती रेडिएटरमध्ये ओतली. बुंधा निघाला, मुळांखालची मातीसुद्धा कोरडीठाक होती. बैल रिकाम्या घागरीचा काठ चाटत राहिला. मघाशी मशीनवाल्यानं पाणी मागितलं, तर माझ्या हातून भरलेली बादली सुटेना.