रोडपालीच्या गोदूबायचे हात

रोडपालीत कुणाचे दिवस भरले की गोदूबायला निरोप जायचा. सुईणपण तिला सासूकडून मिळालं होतं. नवरा काशीराम मिठागरावर कामाला, मुलगा जगन त्याच्याच हाताखाली आणि सून वेणू घरात. घर खाडीच्या बांधापासून हाकेच्या अंतरावर होतं. गोदूबाय उंच, हाडापेराची, बोलायला कमी. बाळंतिणीच्या उशाशी बसली की तिथल्या बाकीच्या बायकांची बडबड आपोआप खाली यायची.

एकावन्न साली पनवेलला सुईणींचा सरकारी वर्ग भरला. गावोगावच्या म्हाताऱ्या सुईणी तिथे गेल्या, महिनाभर बसल्या, पत्र्याची एकेक पेटी घेऊन घरी आल्या, आणि पुष्कळजणींच्या पेट्या पुढे माळ्यावर चढल्या. गोदूबायची पेटी माळ्यावर चढली नाही. त्याला कारण होतं. तिच्या हातून सुखरूप सुटलेली काही मुलं आठव्या दिवशी आखडायची, त्यांचा जबडा मिटायचा, दूध ओढेनासं व्हायचं आणि दोन दिवसांत सगळं संपायचं. गाव म्हणायचं, सटवी घेऊन गेली. वर्गातल्या नर्सबाईंनी सांगितलं, की तो धनुर्वात असतो आणि मळक्या विळ्यातून, मळक्या हातातून मुलाच्या नाळेत शिरतो. गोदूबाय त्या दिवशी जेवली नाही. आजवर गेलेली मुलं तिला एकेक करून आठवत राहिली.

तेव्हापासून ती पेटीतलं नाळ कापायचं पातं उकळून घ्यायची आणि हात साबणाने, ब्रशने कोपरापर्यंत घासायची. बाळंतपणाच्या वेळी तर घासायचीच, पण पुढे तिला एरवीही चैन पडेना. भाकऱ्या झाल्यावर, शेण काढल्यावर, अगदी झोपायच्या आधीसुद्धा ती मोरीत जाऊन कढत पाण्याने हात धुवायची. तीन वर्षं तिच्या हातचं एकही मूल गेलं नाही.

चौथ्या वर्षी बोटांच्या बेचक्यांत खाज सुटली. आधी बारीक पुरळ आलं, मग कातडी जाड झाली, तिला चिरा पडल्या, चिरांतून पाणी येऊ लागलं. खाज इतकी, की ती सुपाच्या कडेवर हात घासायची. कढत पाण्यात हात बुडवले की घटकाभर बरं वाटायचं आणि मग दुपटीने पेटायचं. कडुनिंबाचा पाला उकळून झाला, राख लावून झाली. शेजारची गंगाबाई चांगल्या मनाने बिब्बा घेऊन आली.

"लाव गो, एकदाच चटका बसंल," ती म्हणाली. "मुळासकट जाईल."

बिब्ब्याने हात मनगटापर्यंत उतले. फोड फुटले तेव्हा घास तोंडात घालायलाही वेणूला बसावं लागलं.

गावात कुजबुज सुरू झाली. उघड कुणी बोललं नाही. पण पाणवठ्यावर बायका आपली कळशी जरा लांब ठेवू लागल्या. हळदीकुंकवाला कुणी तिच्या हातून कुंकू लावून घेईना. महारोग हा शब्द गोदूबायच्या कानावर पडला तो सगळ्यांत शेवटी, आणि तोही जगनच्या तोंडून. मिठागरावर कुणीतरी त्याला विचारलं होतं, "तुझ्या आयेला नेऱ्याला, महारोग्यांच्या वस्तीत नेऊन ठेवणार हाय काय?"

पंचावन्नच्या भाद्रपदात गंगाबाईच्या सुनेचे, जनीचे दिवस भरले. गोदूबायला निरोप आला नाही. पण कळा लागल्याचं शेजारच्या घरात बसून कळतंच. ती पेटी घेऊन गेली. गंगाबाई दारात उभी होती.

"आज नको, गोदू," ती खाली बघत म्हणाली. "तू घरला जा. आमी बगतो."

"आत नाय येत. हे पातं तेवढा घे. उकळून घे, नि मग काप."

"बगतो म्हनला ना."

गोदूबाय परत फिरली. मुलगा झाला. नाळ विळ्याने कापली. आठव्या दिवशी तो आखडला, आणि दहाव्या दिवशी दुपारी जनीच्या रडण्याचा आवाज आला तेव्हा गोदूबाय भात पाखडत होती. सूप तिने खाली ठेवलं आणि उन्हं उतरेपर्यंत तशीच बसून राहिली. वेणूने जवळ जाऊन विचारलं तर एवढंच म्हणाली, "मीच हात घालवले, म्हून पोर गेला."

दुसऱ्या दिवशी काशीराम कामाला गेला नाही. "चल पनवेलला," तो म्हणाला. "काय हाय ता एकदा कळू दे."

"महारोग निघाला तर?"

"तर दोगांनी जायचा."

पनवेलच्या बाजारपेठेत डॉक्टर गुप्त्यांचा दवाखाना होता. गुप्ते पन्नाशीचे, सावकाश बोलणारे. त्यांनी गोदूबायला डोळे मिटायला सांगितलं आणि कापसाची बारीक वात करून तिच्या हातावर ठिकठिकाणी टेकवली.

"लागतंय?"

"लागतंय."

"इथे?"

"तिथं बी. बोटाला लावलात ना आता?"

"खाज आहे?"

"जिवाला नको करते, डाक्तर."

त्यांनी मानेमागे, कानाच्या पाळीला, कोपराला हात लावून पाहिलं. मग वात टाकून दिली. "उघडा डोळे. महारोगाच्या चट्ट्याला स्पर्श कळत नाही, आणि खाज तर नसतेच. तुमचा हा इसब आहे. तो कुणाला लागत नाही."

काशीरामने टोपी काढून मांडीवर ठेवली. गोदूबायला मात्र सुटल्यासारखं वाटलं नाही. ती म्हणाली, "तुमच्या वर्गात हात धुवायला शिकवला. मी धुतला. म्हून हात गेले. नि हात गेले म्हून शेजारचा पोर गेला."

गुप्त्यांनी तिचे हात पुन्हा उजेडाकडे वळवले. "बाई, धुणं चुकीचं नव्हतं. धुतल्यावर काय करायचं ते तुम्हाला कुणी सांगितलं नाही. ते सांगायला हवं होतं." मग त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "आता मला सांगा, सकाळी उठल्यापासून हे हात काय काय करतात?"

असा प्रश्न तिला आयुष्यात कुणी विचारला नव्हता. ती सांगत गेली. चुलीची राख, राखेनेच भांडी. सोड्याच्या पाण्यात कपडे. सुकट निवडणं, लसूण सोलणं. काशीरामचे मिठाने ताठ झालेले कपडे झटकणं. बाळंतिणीला न्हाऊ घालताना कढत पाणी. दिवसातून दहा वेळा साबण. आणि खाज असह्य झाली की पुन्हा कढत पाणी.

"ज्यानं बरं वाटतं तेच तुम्हाला खातंय," डॉक्टर म्हणाले. "कढत पाणी बंद. कोमट घ्या. साबण फक्त सुईणीच्या कामाला, एरवी साधं पाणी पुरे. आणि धुतल्यावर हात कोरडे खडखडीत होईपर्यंत थांबायचं नाही. टिपायचे, आणि ओल असतानाच खोबरेल चोळायचं. प्रत्येक वेळी. नखं कापून टाका. खाज आली की खाजवायचं नाही, गार पाण्याचा फडका दाबून धरायचा. राख, सोडा, मीठ, मासळी यांना काही महिने हात लावू नका."

"मग बाईमाणसानं करायचा काय?"

"ते घरातल्यांना विचारा," असं म्हणून त्यांनी काशीरामकडे पाहिलं.

एक काळपट मलम त्यांनी दिलं. निघताना म्हणाले, "हा मुळासकट जाईल असं मी सांगणार नाही. दबतो, पुन्हा डोकं काढतो. पण कधी डोकं काढतो त्यावर लक्ष ठेवा, तुम्हालाच कळू लागेल. आणि एक गोष्ट. चीर उघडी असेल तेव्हा बाळंतपणाला हात लावायचा नाही. त्या चिरेतून तुमचं तिला जाईल आणि तिचं तुम्हाला."

घरी आल्यावर भांडी आणि मासळी वेणूने घेतली. काशीराम मिठागरावरून आला की बांधाजवळच्या विहिरीवर अंग आणि कपडे गोड्या पाण्याने खळबळून मगच दारात यायचा. मिठागरावरच्या माणसांनी हसून घेतलं. तरी त्याने ते सोडलं नाही. गोदूबायला सगळ्यांत जड गेलं ते बसून राहणं. वेणू भांडी घासत असताना ती पाठ करून बसायची.

खोबरेलाची वाटी मोरीच्या कट्ट्यावर आली, तिथून हलली नाही. जुन्या सुती लुगड्याचे फडके माठाजवळ वाळत असायचे. दुपारी खाज उसळली की काशीराम घरी असला तर तोच फडका पिळून तिच्या हातांवर ठेवायचा, आणि वर आपले हात दाबून बसायचा. पहिले कितीतरी दिवस काहीच फरक दिसला नाही. एकदा तिने वाटी ढकलून दिली. वेणूने तेल पुसून घेतलं आणि वाटी पुन्हा भरून ठेवली.

दिवाळी उलटली तेव्हा चिरा मिटल्या होत्या. कातडी काळवंडलेली, पण मऊ. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे तिने लक्ष ठेवलं होतं. लसूण सोलला की दुसऱ्या दिवशी बोटं चुरचुरतात, सुकटीने त्याहून जास्त. थंडीतला कोरडा वारा सुटला की तेल दुप्पट लागतं. कडुनिंबाचं पाणी दुसऱ्या कुणाला मानवत असेल, तिच्या हातांना नाही. आणि मन जळत असलं की कारण नसताना खाज येते. हे शेवटचं तिने कुणाला सांगितलं नाही.

लोक मात्र लगेच आले नाहीत. डॉक्टरांनी महारोग नाही म्हटल्याचं काशीराम ज्याला त्याला सांगत फिरला, पण भीती सांगून जात नाही. वर्ष गेलं. सत्तावन्नच्या पौषात सकाळी, दव पडलेलं असताना, गंगाबाई ओट्याशी येऊन उभी राहिली. जनीला पुन्हा कळा लागल्या होत्या.

"ती तुझा नाव घेते," गंगाबाई म्हणाली. "मागचा मनात ठेवू नको. चल."

गोदूबायने आपला उजवा हात पुढे केला. थंडी कडक होती, आणि दोन दिवसांपूर्वी अंगठ्याच्या मुळाशी एक चीर उघडली होती. लांबी भाताच्या दाण्याएवढी.

"मी येतो. पन हात लावनार नाय."

गंगाबाईचा चेहरा उतरला. "आमी पाया पडत आलो, नि तू आता सूड घेते?"

"सूड नाय गो. हा उघडा हाय." तिने अंगठा दाखवला. "वेणू हात लावंल. मी सांगंन तसा."

वेणूने आजवर मदत केली होती, स्वतः मूल काढलं नव्हतं. ती दाराला धरून उभी राहिली. "आये, मना जमनार नाय."

"माजे हात लोकांनी टाकले तेव्हा तू मना घास भरवलास," गोदूबाय म्हणाली. "ता जमला. ह्ये बी जमंल. नखं बगू."

जनीच्या उशाशी ती बसली, दोन्ही हात पदराखाली घेऊन. तिथून ती बोलत राहिली. साबण कुठवर लाव, कधी थांब, आता डोकं दिसेल, ओढू नको, तिला श्वास घेऊ दे. जनी कळ देताना गोदूबायचा दंड धरायची. एकदा मुलाच्या गळ्याभोवती नाळेचा वेढा दिसला आणि वेणू थबकली. गोदूबायचे हात पदराबाहेर आले. सगळ्यांनी ते पाहिलं. मग तिने ते पुन्हा आत घेतले आणि शांत आवाजात म्हणाली, "बोट घाल मदी. सैल हाय. डोक्यावरून काढ, घाबरू नको."

वेढा निघाला. मुलगी झाली, रडली. पातं उकळलेलं होतं.

गोदूबाय रोज दुपारी मुलीला बघायला जायची. दाराशी बसायची, मुलगी दूध ओढते का बघायची आणि उठायची. दहाव्या दिवशी जनीने मुलगी तिच्या मांडीवर ठेवली. गोदूबायने तिला पदरात गुंडाळून धरलं. दोघींपैकी कुणीच पहिल्या मुलाबद्दल बोललं नाही. जनी रडली, आणि गोदूबाय तिचं रडणं होईपर्यंत बसून राहिली.

त्यानंतर गावची सुईण वेणू झाली. उन्हापावसाचे महिने गोदूबाय तिच्या बरोबरीने काम करायची, थंडीत उशाशी बसून नुसती सांगायची. हातांवरून दोघींत कधी वाद झाला नाही. चीर आहे का, एवढंच वेणू विचारायची, आणि गोदूबाय खरं ते सांगायची.

पुढे पुढे लोक तिच्याकडे वेगळ्याच कामाला येऊ लागले. कुणाच्या तान्ह्याचे गाल लाल होऊन पाझरायचे, कुणाच्या मुलीच्या कोपराच्या लवणीत इसब असायचा. पनवेलहून दिलशाद नावाची एक कोकणी मुसलमान बाई आपला सहा महिन्यांचा मुलगा घेऊन होडीने आली होती. मुलाचे गाल ओरबाडलेले, अंगात लोकरीचं झबलं.

"आमच्यात सगळे म्हणतात, गरम पानी नि बेसन लावून रगडून न्हाऊ घाल," ती म्हणाली. "घातलं. मुलगा रातदिन रडतो."

गोदूबायने झबलं काढायला लावलं, आपल्या जुन्या लुगड्याचा तुकडा त्याच्या अंगाला गुंडाळला आणि त्याची नखं स्वतः कापली. "रगडू नको. कोमट पानी, थोडाच वेळ. ओला असतानाच तेल. लोकर अंगाला नको. नि ह्यो पिवळा पू दिसतो ना कानामागं, ता माज्याकडं नाय. त्याला डाक्तरकडंच ने, आजच."

"बरा होईल ना?"

"लहान पोरांचा पुष्कळदा जातो. माजा नाय गेला. पन मी जगले."

काही बाया तिचं ऐकायच्या, काही घरी जाऊन पुन्हा बिब्बाच लावायच्या. त्याचं तिला वाईट वाटायचं, पण मागे लागणं तिच्या स्वभावात नव्हतं.

चौसष्ट साली, आषाढात, तीन दिवसांच्या तापाने गोदूबाय गेली. तिला आंघोळ घालायला वेणू, जनी आणि गंगाबाई होत्या. चुलीवर पाणी कढत ठेवलेलं होतं. वेणूने त्यात गार पाणी मिसळलं, हात बुडवून पाहिला, आणखी मिसळलं. गंगाबाई म्हणाली, आता काय फरक पडतो. वेणूने कोमट पाण्याने सासूचे हात धुतले, टिपले, आणि मग तिघींनी मिळून तिला नवं लुगडं नेसवलं.